साखरेचा बर्फ

बर्फ मी आजवर दोनच ठिकाणी पाहिला आहे. एक गोळेवाल्याच्या गाडीवर आणि दुसरा बाजारात मासळीच्या खोक्यात. आमच्या श्रीरामपूरकडे थंडी पडते, नाही असं नाही. डिसेंबरात सकाळी उसाच्या पाचटावर इतकं दव असतं की चपला ओल्या होतात. पण गारांचा मार सोडला तर आभाळातून पांढरं काही पडलेलं आमच्या सात पिढ्यांनी पाहिलेलं नाही. तरी नाताळ आला की आम्हाला बर्फ लागतोच. शुभेच्छांच्या कार्डावर बर्फ, दुकानातल्या प्लॅस्टिकच्या झाडावर बर्फ, मुलांच्या नाटकात मेंढपाळांच्या खांद्यावर कापसाचा बर्फ. बेथलेहेमात तरी कुठे रोज बर्फ पडत असेल, असं मी एकदा चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "आक्का, वर्षातून एकदा पडू द्या की."

आता मी बर्फाबद्दल एवढं का बोलते आहे, तर जे सांगायचं आहे ते सांगायला जीभ वळत नाही म्हणून. माझं असंच आहे. लाजेची गोष्ट असली की मी आधी हवापाण्याचं बोलते.

मागच्याच्या मागच्या नाताळची ही गोष्ट. माझी नात पुण्याला शिकते. तिनं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. कुठल्यातरी थंड मुलुखातल्या बाई ताटलीएवढ्या जागेत हिवाळ्यातलं झाड करत होत्या. वाळकी फांदी, तिच्यावर बर्फ, खाली इवलंसं घर, घराच्या खिडकीत उजेड. बोलत काय होत्या ते मला कळलं नाही, पण हात कळत होते. माझी शाळा सातवीपर्यंतच. पुढचं सगळं मी असं बघून बघूनच शिकले. शिवण, विणकाम, कागदाच्या चांदण्या, हे लिहिणंसुद्धा. तो व्हिडिओ मी दहा वेळा तरी बघितला असेल. नातीला फोन केला, म्हटलं, "करते मी हे. चर्चमध्ये ठेवीन." ती म्हणाली, "आजी, फोटो पाठव, मी सगळ्यांना दाखवते." झालं. ज्यांना ती दाखवणार होती ते सगळे माझ्या डोक्यात येऊन बसले.

आधी फांदी हवी होती. अंगणातल्या लिंबाची बघितली, ती सरळसोट. डाळिंबाची बघितली, ती नुसती झुडपासारखी. दोन दिवस मी फांद्याच बघत फिरत होते. तेवढ्यात आमच्या चर्चची झाडलोट करणारी बाई डोक्यावर पऱ्हाटीची मोळी घेऊन रस्त्यानं चाललेली दिसली. कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी झाडं उभी राहतात ती पऱ्हाटी. आमच्याकडे ती चुलीत जाते. ही बाई माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. नवरा नाही, एकच मुलगी, ती नेवाशाकडे दिलेली. चर्च झाडायचं, बाकं पुसायची, रविवारी घंटा वाजवायची हे तिचं काम, आणि चर्चची किल्ली तिच्या कमरेला. मी हाक मारून तिला अडचण सांगितली. तिनं मोळी माझ्या ओट्यावर टेकवली, दोरी सैल केली, आणि बराच वेळ काड्या वरखाली करून एक उपसून काढली.

"ही घ्या, आक्का. हिला बोंडाची टरफलं बी हायेत. लांबून फुलावानी दिसत्याल."

"अगं, बर्फाचं झाड करायचंय, फुलांचं नाही."

"मंग बर्फाची फुलं म्हना. इथं कुनी बर्फ पायलाय?"

खरोखर ती काडी म्हणजे झाडच होतं. खोड जरा वाकलेलं, फांद्या दोन्ही अंगांना सारख्या नाहीत, पण तोल असा की बघत राहावं. ते झाड तिनं निवडलं होतं. हे मी इथेच लिहून ठेवते, कारण पुढे कौतुक झालं तेव्हा मी ते कुणाला सांगितलं नाही.

बिस्किटाच्या डब्याचं झाकण उलटं घेतलं. त्यात भिजवलेली शाडूची माती थापली, काडी रोवली आणि दोन दिवस सावलीत वाळू दिली. उन्हात ठेवली की माती तडकते. काडेपेटीचं घर केलं, त्याला पुठ्ठ्याचं उतरतं छप्पर. फुटक्या आरशाचा तुकडा मातीत बसवला, ते गोठलेलं तळं. कापसाच्या चार मेंढ्या, डोळ्यांना मोहरी. घराच्या पाठीला भोक पाडून दिव्यांच्या माळेतला एक बारका दिवा आत सोडला. इथपर्यंत सगळं जमलं. अडलं ते बर्फापाशी. व्हिडिओतल्या बाई कसलंसं परदेशी मीठ वापरत होत्या. मी आपलं घरातलं मीठ डिंकावर भुरभुरलं, तर सकाळी त्याला पाणी सुटलेलं, झाड रडून बसल्यासारखं. रांगोळी लावली, ती वाळल्यावर गळून पडली. कापूस लावला तर झाडाला म्हातारीचे केस आले. मग माझं लक्ष साखरेच्या डब्याकडे गेलं. कारखान्याची साखर, मोठ्या दाण्याची. एका फांदीवर डिंक फिरवून चिमूटभर टाकली आणि खिडकीशी धरली, तर काय सांगू, दाण्यादाण्यात उजेड.

सून भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "आई, मुंग्या येतील."

"डिंकात बसलेल्या साखरेला कुठल्या मुंग्या? आणि थंडीत मुंग्या बिळात असतात."

"आपल्याकडे आता गळीत चालू आहे, आई. रस्त्यावर ट्रॉलीतून ऊस पडतोय. मुंग्या कशाला बसतील बिळात?"

"तुला फार कळतं," मी म्हटलं. ती गप्प बसली. बसवलीच मी तिला.

नाताळच्या आधीच्या रविवारी मी ते झाड चर्चमध्ये नेलं. व्यासपीठाच्या डाव्या हाताला टेबल होतं, त्यावर पांढरं कापड घालून मधोमध ठेवलं आणि आतला दिवा लावला. बायका भोवती जमल्या. कुणी मेंढ्यांना बोट लावून बघतंय, कुणी वाकून काडेपेटीच्या खिडकीत बघतंय. आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांच्या तोंडून बरं सहसा निघत नाही. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "आक्का, डिग्रीवाल्यांना जमणार नाही असं केलंत." मी ते वाक्य घरी जाईपर्यंत खडीसाखरेसारखं तोंडात घोळवलं. नातीला फोटो गेला. आजीनं घरी केलंय हे तिच्या मैत्रिणींना पटतच नाही, असं तिचं उत्तर आलं. त्या रात्री भाजीत मीठ घालायचं राहिलं तरी मला कळलं नाही.

त्या टेबलाच्या मागे पडदा आहे आणि पडद्यामागे लहानशी खोली. तिथे मंडळाचे फराळाचे डबे ठेवलेले होते. दर वर्षी आम्ही बायका एकत्र बसून करंज्या, शंकरपाळ्या, लाडू करतो, आणि नाताळच्या दिवशी उपासना झाली की सगळ्यांना वाटतो. डबे मोठे, पत्र्याचे, वर्षानुवर्षं वापरून झाकणं दबलेली.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही सजावटीला गेलो. कुलूप उघडून ती झाडलोटवाली पुढे, मागे आम्ही सात-आठ जणी. अध्यक्षीणबाई पडद्यामागे गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "जरा इकडे या सगळ्या."

करंज्यांच्या डब्याला मुंग्यांचा वेढा पडला होता. लाल, बारक्या. झाकण काढलं तर आतही तेच. रांग भिंतीच्या कडेनं पडद्याखालून बाहेर गेली होती. कुणी तिचा माग काढला असता तर टेबलाच्या पायाशी पोचलं असतं. कुणी काढला नाही, कारण सगळ्यांचं लक्ष भलतीकडेच गेलं. डबा वरून चार बोटं रिकामा होता. करंज्यांचा डबा हलवला, उचलला की करंज्या खाली बसतात, हे आम्हाला काय नवीन आहे? आयुष्यभर डबे भरतो आम्ही. पण त्या वेळी ते कुणाला आठवलं नाही.

"डबा कुणी उघडला?" बाईंनी विचारलं. वर्गात विचारावं तसं.

मग एकेकीचे डोळे हळूहळू तिच्या कमरेच्या किल्लीकडे गेले.

"मी न्हाई उघाडला, बाई," ती म्हणाली.

"मग मुंग्यांनी उघडला का?"

दोघीतिघी हसल्या. एक जण हळूच म्हणाली, "खावंसं वाटलं तर मागून घ्यावं माणसानं. नाही कोण म्हणतंय?"

"देवाची आन, बाई, मी हात सुदिक लावला न्हाई."

"शपथ वाहू नये. शास्त्रात काय सांगितलंय?"

 

आणि मी कुठे होते? मी टेबलापाशी होते, आणि मी पाहिलं होतं. झाडाच्या एका अंगाच्या फांद्या उघड्या पडल्या होत्या, पुन्हा नुसती पऱ्हाटी. काडेपेटीच्या छपरावर दिव्याच्या उबेला मुंग्यांची गर्दी. आरशाच्या तळ्यात त्या दुप्पट दिसत होत्या. "थांबा, ही साखर माझी." चारच शब्द. ओठांपर्यंत आले होते. पण बाईंचं ते डिग्रीवाल्यांचं वाक्य आठवलं, नातीच्या मैत्रिणी आठवल्या, सुनेचं "मुंग्या येतील" आठवलं. मी टेबलावरचं कापड चारी कोपऱ्यांनी उचललं, झाडाचं गाठोडं केलं आणि म्हणाले, "हे जरा घरी नेऊन नीटनेटकं करते. उद्या सकाळी आणते."

"आणा आणा, आक्का. तुमचं काम म्हणजे बघायला नको," बाई म्हणाल्या.

मी दारातून निघाले तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, मी दोन शब्द तिच्या बाजूनं बोलावेत म्हणून बघते आहे. मी पायातली चप्पल शोधत राहिले. चप्पल समोरच होती.

घरी मोरीत बसून मी दात घासायच्या जुन्या ब्रशनं मुंग्या झाडल्या आणि ओल्या फडक्यानं साखर पुसून काढली. सून दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही बोलणार, आणि बोलली तर मी काय बोलणार याची जुळवाजुळवही करायला लागले. ती म्हणाली, "कापूस देऊ का?" बस एवढंच. तो कापूस मी पिंजून पिंजून इतका विरळ केला की केसांसारखा दिसेना, वरून चमकी टाकली. नाताळच्या सकाळी झाड परत जाग्यावर. आधीपेक्षा छान झालं, असं सगळ्या म्हणाल्या. करंज्या त्या वर्षी टाकून दिल्या, बाकीच्या फराळावर भागवलं. घंटा वाजवून ती मागच्या बाकावर बसली होती. फराळ वाटायला घेतला तेव्हा बाक रिकामं होतं.

नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेत आमच्याकडे साक्ष देतात. ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं, सरत्या वर्षात देवानं आपलं काय केलं आणि आपलं काय चुकलं ते सगळ्यांपुढे सांगायचं. मी ठरवून गेले होते. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. उभी राहिले. ती मागे आहे हे मला मान न वळवता कळत होतं. मी म्हणाले, "गेल्या वर्षी माझे गुडघे फार दुखत होते. देवानं आराम दिला. त्याची स्तुती असो." सगळे आमेन म्हणाले. माझे गुडघे आजही दुखतात.

त्याच आठवड्यात तिनं किल्ली पाळकसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. कांद्याच्या लागणीला बायका हव्यात, तिकडं जाते, असं सांगितलं. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "बघा, न बोलता कबूल केलं तिनं." मी तेव्हाही तिथेच बसले होते, सुईत दोरा ओवत.

मग वर्षभर मी तिच्याशी चांगली वागले. ते आठवलं की जास्त लाज वाटते. सुनेच्या हातून कधी कालवण पाठवलं, कधी नातवंडांचे वापरलेले स्वेटर तिच्या मुलीच्या पोरांसाठी. ती घ्यायची. पण भांडं तिनं कधी रिकामं परत केलं नाही. कधी मूठभर शेंगा, कधी दोन कांदे, आणि भांडं राखेनं घासून लख्ख. मी काही दिलं असं तिनं एकदाही होऊ दिलं नाही.

गेल्या नाताळच्या आधी नातीचा फोन आला. "आजी, या वर्षी झाड?" मंडळाचाही निरोप आला, की यंदा मोठं करा. मी फांदी शोधायला म्हणून बाहेर पडले, आणि फांदी म्हटलं की मला तिच्याच घराचा रस्ता आठवत होता. गेले. ती दारात बसून सुपात बाजरी पाखडत होती. मला बघून पोतं अंथरलं. माझं हवापाण्याचं सुरू झालं, थंडी कशी आहे, लेक कशी आहे. मग माझाच मला कंटाळा आला.

"त्या मुंग्या माझ्या साखरेनं आल्या होत्या," मी म्हटलं. "झाडाला मी साखर लावली होती."

तिनं सूप थांबवलं नाही. "म्हाईत हाय मला."

"कधीपासून?"

"त्याच दिशी. तुमी गेल्यावर टेबलाखाली झाडलं, तर झाडनीला खरखर लागलं. हाताला चिकाट. चाखून पायलं, साखर."

"मग बोलली का नाहीस तू?"

"तुमी बोलाल म्हनून थांबले." बाजरी एकदा उडाली, परत सुपात आली. "दुसऱ्या दिशी तुमी कापूस लावून आनला. म्हनलं, आता न्हाई बोलायच्या. मंग साक्षीला उभ्या राहिला. म्हनलं, आता बोलत्यात. तर तुमचं गुडघं निगालं."

मला रडू आलं. ती म्हणाली, "रडू नगा, आक्का. पानी आनू का?" मी म्हटलं, मला माफ कर. तिनं सूप खाली ठेवलं, पदरानं तोंडावरचा भुसा पुसला.

"मला सांगून काय उपेग? मला ठावंच हुतं. ज्या हसल्या त्यांला सांगा."

मंडळाची बैठक गुरुवारी होती. मी सगळं सांगितलं. साखर, मुंग्या, गाठोडं, कापूस, गुडघे. एक शब्दही मागे ठेवला नाही. सांगून झालं, आणि अध्यक्षीणबाई खो खो हसायला लागल्या.

"अहो आक्का, म्हणजे मुंग्यांनी आपल्या आधी नाताळ केला की."

मग सगळ्याच हसल्या. एकीनं विचारलं, "पण साखर बसली कशी हो फांदीवर? डिंक कुठला घेतलात?"

"आपण तिला चोर ठरवलं," मी म्हटलं.

"चोर कोण म्हणालं? आपण नुसतं विचारलं."

खरंच, चोर हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. मी आठवून पाहिलं. तिच्यावर आलं तेव्हा त्याची चोरी झाली, आणि माझ्यावर आलं तेव्हा गंमत झाली. त्या हसत होत्या ते मला सांभाळून घ्यायलाच, हे मला कळत होतं. कुणी मला बोललं असतं तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, आपण सगळ्या मिळून तिच्या घरी जाऊ. त्या म्हणाल्या, जाऊ की, नाताळ होऊ द्या. किल्लीचं विचारलं, तर झाडलोटीला आता एक नवरा-बायको ठेवलेत, पोराबाळांचे आहेत, त्यांना कसं काढायचं? तेही खरंच.

नाताळ झाला, जानेवारी संपला. मी दोनदा आठवण केली. दुसऱ्या वेळी बाई म्हणाल्या, "आक्का, सोडा आता. तुमचं मन फार हळवं आहे." माझं मन हळवं असतं तर हे झालंच नसतं, असं मला म्हणायचं होतं, पण त्यांनी चहा पुढे केला.

झाड मी त्या नाताळला केलं नाही. नातीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, तो फोटो अजून आहे माझ्याकडे. काढून टाकू?"

"ठेव," मी म्हटलं. "पण कुणाला दाखवशील तेव्हा फांदी कुणी निवडली तेही सांग. आणि बर्फाचं काय झालं तेही."

परवा सकाळी मी ओट्यावर ऊन घेत बसले होते. ती पऱ्हाटीची मोळी घेऊन चालली होती. मंडळातल्या कुणी तिच्याकडे गेलं नाही हे तिला माहीत होतं, आणि मी सांगितलं हेही तिच्या कानावर गेलं होतं, गावात काय राहतं? मी हाक मारली. वाटलं, पुढे निघून जाईल. ती थांबली, मोळी ओट्याला टेकवली आणि टेकून बसली.

"चहा घेतेस?"

"घेते की." मी उठले, तर मागून म्हणाली, "साखर जरा कमीच टाका, आक्का."

मी वळून बघितलं. ती मोळीची दोरी आवळत होती, चेहरा दिसला नाही. आत जाऊन मी चहा बिनसाखरेचाच गाळला. कप घेतला, साखरेचा डबाही घेतला, आणि दोन्ही आणून तिच्यापुढे ठेवलं. तिनं आपल्या हातानं अर्धा चमचा साखर घेतली, ढवळली. मग डब्याचं झाकण लावलं आणि तळहातानं दोनदा दाबून घट्ट बसलं का ते बघितलं.